दाताळ्याची परीक्षा

खरेदीच्या व्यवहारात मला आजतागायत कोणीही फसवू शकलेले नाही! हे मी गर्वाने नव्हे, केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. क्लेअर परगण्यातील आमच्या गावी मी छत्तीस वर्षे अध्यापन केले. निवृत्तीनंतरही पंचक्रोशीत मी 'मास्तर'च आहे. आणि परीक्षा घेतल्यावाचून मास्तर कोणालाही वरच्या वर्गात घालीत नसतो. मग ते एक जुने दाताळे का असेना!

दाताळे म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचे. वाळलेले गवत ओढून ते ओळीने लावते. ज्या शेजाऱ्याचे दाताळे मी दरसाल मागून आणीत असे, तो ते विकून लेकीकडे डब्लिनला राहावयास गेला. इकडे माझे चार एकर गवत कापून, वाळून, वाट पाहत पडलेले. सहा गाईंचा अवघा हिवाळा त्या चार एकरांत होता. आणि संध्याकाळी पाऊस येणार, असे रेडिओने सांगितले होते!

"फेस्टसकडं एक जुनं दाताळं विकायला आहे म्हणे," माझी पत्नी नोरीन म्हणाली. "जा, घे आणि ये. तिथं वर्ग भरवू नकोस!"

"नोरीन, जुनी वस्तू पारखून घ्यावी लागते."

"पारख की! पण जेवायच्या आत पारख!"

मी माझा ट्रॅक्टर घेऊन निघालो. फेस्टस अंगणातच उभा होता, जणू कन्येच्या स्थळाची वाट पाहणारा पिता.

"मास्तर! तुम्हाला दाखवायला लाजच वाटते बघा. तुमची नजर म्हणजे काय!"

दाताळे तांबूस, वयस्क, परंतु सुदृढ होते. मी एकेक दात मोजला, एकेक चाक फिरवले.

"उभं ठेवून काय कळणार? जोडा, आणि ओढून बघा," फेस्टस म्हणाला. "माझंही गवत पडलंच आहे योगायोगानं."

किती सरळ मनाचा विक्रेता! मी एक फेरी मारली. ओळ अशी पडली की डोळ्यांचे पारणे फिटावे!

"अगदी तुम्ही फळ्यावर रेघ ओढायचा तश्शी!" फेस्टस ओरडला. "पण सपाटीवर काय, कुणीही ओढेल. उतारावर बघा ना!"

आक्षेप शास्त्रशुद्ध होता. मी उतार ओढला. मग कुंपणाच्या दगडी भिंतीलगतचे कोपरे ओढले. मग "ओलसर जागी दात अडकतात का तेही एकदा बघा" म्हणून ओढ्याकाठचे शेत ओढले. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझे, आणि आनंदही माझाच!

इतक्यात भिंतीला टेकून एक गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत असलेले दिसले. ओढ्यापलीकडचा कोलमन.

"तोही आलाय," फेस्टस माझ्या कानाशी लागला. "पण पहिला मान तुमचा, मास्तर. मागचं शेत तेवढं राहिलंय..."

प्रतिस्पर्धी! आता माघार कशी घ्यावी? मी मागचे शेत अश्वमेधाच्या घोड्याच्या वेगाने जिंकले. मग चहा आला, पाव आला, लोणी आले. चहापूर्वी किमतीचा उच्चार करणे आमच्याकडे असभ्यपणाचे, म्हणून मी दोन कप संयमाने घेतले. मग कोलमनकडे वळून विजयी मुद्रेने म्हणालो, "क्षमस्व, कोलमन. दाताळं मी घेतोय."

"घ्या की, मास्तर! मला कशाला दाताळं? मी गठ्ठे बांधायचं यंत्र बघायला आलोय. तुमच्या ओळी संपल्या की बांधून बघा, म्हणालाय फेस्टस. सकाळपासून ताटकळलोय!"

माझा कप बशीवर जरा मोठ्यानेच टेकला. फेस्टसचे अकरा एकर ओढून झाले होते माझे! हाच फेस्टस शाळेत असताना शेजारच्या मुलाकडून गणिते सोडवून घेत असे, हे मला नेमके तेव्हा आठवले.

"फेस्टस," मी घसा साफ केला, "किंमत बोल."

"तुमचं मत काय पडलं, मास्तर? खरं सांगा हं."

असत्य माझ्या जिभेवर येत नाही. "उत्कृष्ट," मी म्हणालो.

फेस्टसचे डोळे पाणावले. "तुमच्यासारखा माणूस उत्कृष्ट म्हणतो, आणि मी ते विकू? माझ्याकडनं नाही व्हायचं, मास्तर! मी समजत होतो, भंगार आहे!"

मी रिकाम्या ट्रॅक्टरने परतलो. पश्चिमेला आभाळ काजळले होते. नोरीन फाटकातच उभी.

"दाताळं कुठाय?"

"त्यानं विकायचं रद्द केलं."

"मग दिवसभर करत काय होतास?"

"परीक्षण," मी म्हणालो. शब्द तोंडातून निघेपर्यंत बरा वाटत होता.

नोरीनने गोठ्यातून लाकडी हातदाताळे आणले आणि माझ्या हाती दिले. "हे घे. याचंही कर. चार एकर आहे, आणि पाऊस यायला तास आहे!"

एक एकर निघाले. तीन पावसाने नेले. त्या हिवाळ्यात आमच्या गाईंसाठी गवत विकत आणावे लागले, आणि आसपास कोरडे गवत होते ते एकट्या फेस्टसकडे. भाव त्याने चढाच लावला. गवताच्या प्रतीविषयी मात्र मला चकार शब्द काढता येईना. ते गोळा करणाऱ्याच्या कामात खोट काढायची तरी कोणत्या तोंडाने!