दादाचा ठिपका

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव आहे. (हे मत बायकोचं. माझ्याबद्दल माझं मत विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.) पण त्या संध्याकाळी जीभ उचलण्यावाचून मला गत्यंतरच नव्हतं.

माझा थोरला भाऊ जाऊन दोन महिने झाले होते. सकाळी पळायला जाऊन आला, बूट काढायला खाली वाकला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. वाढलं की चार घास खायच्या, विचारलं की 'हो' किंवा 'नाही' म्हणायच्या. रडल्या मात्र एकदाही नव्हत्या, आणि आम्हाला त्याचीच धास्ती वाटत होती. दादाचा मोबाइल त्या न चुकता चार्जिंगला लावायच्या. त्या संध्याकाळी तो एकदम वाजला. दादाने नाव नोंदवलेल्या मॅरेथॉनवाल्यांचा मेसेज होता : 'स्पर्धा जवळ आली! तयारी कशी चालली आहे?'

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"दादाच्या जागी मी पळतो," मी म्हणालो.

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पूर्ण?"

"म्हणजे काय! पूर्ण!" (मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, ही माहिती मला बायकोने घरी जाताना जिन्यात दिली.)

"अहो, कोपऱ्यावरून दूध आणायला तुम्ही स्कूटर काढता," ती म्हणाली.

"मग उद्या सांगतो वहिनींना, जमणार नाही म्हणून."

"सांगून तर बघा! निघताना त्यांनी मला विचारलं, भाऊजींच्या पायाचं माप काय म्हणून. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून काही विचारलंय. आता मुकाट्याने पळायचं."

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घेतो. हे काम बसून करायचं असतं, आणि ते मी मन लावून करतो. तरी सरावाला लागलो. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत पळालो, तर पहारेकरी माझ्यामागे पळत आला. "साहेब, काय चोरीला गेलं?" त्याला समजावण्यात माझा दम गेला आणि आम्ही दोघे चालत परत आलो. मग पाऊस आला, मग ऑफिसात तपासणी आली, मग पोटरीत गोळा आला. स्पर्धेच्या आधी मी नेमका किती पळालो, ते न सांगितलेलं बरं.

स्पर्धेच्या सकाळी वहिनींनी दादाचे बूट माझ्यापुढे ठेवले. ते मला मोठे होत होते, म्हणून बायकोने पुढे कापूस कोंबला. दादाचं सगळंच मला असं मोठं व्हायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो लाल दिव्यापाशी थांबायचा. रांगेतला माणूस 'तुम्ही व्हा पुढे' म्हणाला तरी व्हायचा नाही. त्याच्या नावाचा नंबर मी छातीवर लावला तेव्हा माझ्याच्याने आरशात बघवेना.

वहिनींनी दादाचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. "हे घातलं की तुम्ही कुठे आहात ते मला मोबाइलवर दिसतं. हे पळायला गेले की मी यांचा ठिपका बघत बसायचे. ठिपका घराकडे वळला की चहा ठेवायचे." एवढं बोलून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

पळता भुई थोडी झाली असं आपण म्हणतो. इथे भुई भरपूर होती, पाय कमी पडले. थोड्या वेळाने एक आजोबा माझ्या पुढे निघून गेले. (ते चालत होते. फोनवर बोलत होते.) दादाच्या बुटांत कापूस ओला झाला, बोटं सोलवटली, छातीत भाता सुरू झाला. दादासारखाच मीही बूट काढायला वाकलो आणि उठलोच नाही तर, असा एक विचार मनात आला आणि मी घाबरून फुटपाथवर बसलोच. घरात एका खुर्चीत वहिनी होत्या. शेजारी बायकोची दुसरी खुर्ची लागायला नको होती.

तेवढ्यात मागून बस आली. दमलेल्या लोकांना गोळा करत येणारी.

"येता का?" ड्रायव्हरने विचारलं.

"पुढच्या वळणापर्यंत," मी म्हणालो.

आत सगळे दुखवट्याला आल्यासारखे माना खाली घालून बसले होते. मी टेकलो आणि माझा डोळा लागला. फोन वाजला तेव्हा बस उड्डाणपुलावर होती.

"अहो, काय केलंत तुम्ही?" बायको ओरडली.

मी गार पडलो. "का गं?"

"वहिनी हसल्या! ठिपका बघता बघता खो खो हसायला लागल्या. उठल्यासुद्धा! शेवटच्या रेषेपाशी चला म्हणतात. निघालोच आम्ही."

"अगं, ऐक, मी इथे..."

"बोलू नका, पळा! काय सुसाट सुटलाय ठिपका!"

मी बस थांबवायला लावली. "अहो, आता पोचतोच आहोत," ड्रायव्हर म्हणाला. मी उतरलो आणि राहिलेलं अंतर एका पायावर भार देत, देवाचं आणि दादाचं नाव घेत कापलं. रेषेपाशी पोचलो तेव्हा माणसं कमान उतरवत होती. एकाने घाईघाईने माझ्या गळ्यात पदक अडकवलं. समोर वहिनी उभ्या होत्या. इतक्या महिन्यांनी उन्हात.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "बस आरामशीर होती ना?"

"तुम्हाला कसं..."

"इतकी वर्षं यांचा ठिपका बघितलाय मी. हे इतक्या जोरात जन्मात पळाले नाहीत. तेव्हाच ओळखलं, आमचे भाऊजी कशात तरी बसले!" आणि त्या पुन्हा हसायला लागल्या.

इतक्यात त्यांच्या पर्समध्ये दादाचा मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं आणि हसू थांबलं. फोन माझ्यापुढे धरला. वर दादाचं पूर्ण नाव होतं. खाली लिहिलं होतं : 'वाटेत वाहनाचा वापर केल्याचे आढळल्याने आपल्याला स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे.'

रिकाम्या रस्त्यात लाल दिव्यापाशी उभा राहणारा माझा भाऊ मेल्यानंतर लबाड ठरला होता, आणि तोही माझ्यामुळे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वहिनी मटकन रस्त्यावरच बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. बायकोने त्यांना जवळ घेतलं. खूप वेळ कुणीच त्यांना 'रडू नका' म्हणालं नाही.

"वहिनी, चुकलो," शेवटी मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले. "हे नेहमी म्हणायचे..."

"काय म्हणायचा दादा?" मी विचारलं.

"धाकट्यावर कधी काही सोपवू नये."

मग त्या उठल्या, पदर झटकला. "चला. घरी जाऊन चहा ठेवते." त्या स्वतःहून असं म्हणाल्या यावर माझा विश्वासच बसेना. मी लंगडत गाडीपाशी गेलो आणि मागचं दार उघडायला लागलो, तर ते वहिनींनी आतून धरून ठेवलं. काच खाली करून त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही चालत या, भाऊजी. ठिपका घराकडे वळला की ठेवते."

आणि गाडी निघून गेली. (चालवायला बायको होती.)