तात्यांची उजवी फांदी

आमचे तात्या फोनवर हॅलो म्हणत नाहीत. "श्वास घे बघू," म्हणतात. पलीकडच्यानं श्वास घेतला की कान देऊन ऐकतात, "बरं" म्हणतात आणि फोन काकूंच्या हातात देतात. पुढचं बोलणं काकूंचं.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, मग पोटासाठी फिरत फिरत बोरी बुद्रुकला तात्यांच्या द्राक्षबागेत टिकलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरामागच्या वेलीपाशी नेलं. ती तारेवर नव्हे, भिंतीवर चढवलेली.

"ही श्वासनळी," खोडावर हात ठेवून ते म्हणाले. "मान उलटी करून बघा, पावणं. छातीतलं झाड खाली डोकं वर पाय असतंय."

मी मान उलटी केली. खोडाला दोन फाटे. उजव्याला तीन फांद्या, डाव्याला दोनच.

"डावीकडं काळजाला जागा नको व्हय? आन् उजवा फाटा बघा. जाड, आखूड, सरळ. घास चुकला की हिकडंच पडतोय. म्हणून खाताना हसायचं न्हाई."

फांदीला काडी, काडीला उपकाडी आणि टोकाला घोस. त्या घोसांत हवा भरते म्हणे.

छाटणीची टोळी आली की तात्या त्या वेलीसमोर खुर्ची टाकून बसतात. शेजारचे रामभाऊ विचारतात, "तात्या, औंदा फुप्फुसाला माल किती?"

"चार घोस. जरा आंबट हाईत."

एकदा खोकणाऱ्या व्यापाऱ्याच्या पाठीला कान लावून त्यांनी "उजवी बंद" असं जाहीर केलं. त्या बिचाऱ्यानं घाबरून श्वासच रोखून धरला होता.

त्या हिवाळ्यात रामभाऊंच्या एका गमतीवर मी शेंगा खाता खाता हसलो. ठसका गेला, खोकला राहिला. मला क्षयाची धास्ती. कळलं तर गावी पाठवतील, म्हणून गोठ्यामागं जाऊन खोकायचो. तिथंच तात्यांनी गाठलं आणि पाठीला कान लावला.

"डावी वाजती. उजवी गप हाय."

"सर्दी असेल, तात्या."

"व्यापारीबी हेच म्हणला व्हता. तवा मी चुकलो. आज चुकलो तर लई बरं व्हईल. बस गाडीवर."

आधी मंचरचा दवाखाना, मग पुण्याचा. डॉक्टरांनी नळी घालून उजवीकडून अर्धा शेंगदाणा काढला. "आमच्याच रानातला हाय," तात्या खालच्या आवाजात म्हणाले, जणू चूक त्यांचीच.

दवाखान्याच्या बाकावर काकूंनी सांगितलं. त्यांची लेक लहानपणी अशीच चिंचोक्यानं गुदमरत होती आणि हे दोघं सर्दी समजून काढे पाजत बसले. थोडक्यात वाचली. तेव्हा डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलेलं छातीतलं झाड तात्यांनी घरी येऊन वेलीच्या रूपात लावलं. लेक आता परदेशात. "तिच्याशी काय बोलावं त्यान्ला सुदरत न्हाई," काकू म्हणाल्या, "मग श्वास ऐकत्यात."

बरा झाल्यावर मी चार दिवस गावी गेलो. संध्याकाळी फोन वाजला.

"श्वास घे बघू."

घेतला.

"बरं," तात्या म्हणाले. आता काकूंचा आवाज येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. मी नुसता श्वास घेत राहिलो. पलीकडून तात्यांचाही ऐकू येत होता. दोन्ही बाजू नीट चालू होत्या.