सर्व्हरच्या देणगीदारांचा फ्लेक्स

बाळांनो, अशी कल्पना करा. तुम्हाला एक चिठ्ठी पाठवायची आहे, पण ती कुणाची हे वाटेत कुणाला कळू द्यायचं नाही. तुम्ही ती एका मित्राकडे देता, तो दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. तिसरा ती पोचवतो, पण तुम्हाला ओळखतही नाही. इंटरनेटवर असंच काम करणारे सर्व्हर असतात, आणि हौशी माणसं ते फुकट चालवतात. खांदा कॉलनीतले अझहरमामू असाच एक सर्व्हर चालवायचे. त्याचं वर्षाचं भाडं सोमवारपर्यंत भरलं नाही, तर तो बंद पडणार होता.

"टेन्शन नको, अझहरभाई. वर्गणी काढू!" सोसायटीचे सेक्रेटरी हितेशभाऊ म्हणाले.

शनिवारपर्यंत भाडं जमलं. रविवारी सकाळी मामू आणि त्यांची पाचवीतली भाची नशरा खाली उतरले, तर गेटवर भलामोठा फ्लेक्स! 'ओळख गुप्त ठेवणाऱ्या सर्व्हरचे मानकरी.' खाली चौदा फोटो, चौदा नावं आणि फ्लॅट नंबर. शिवाय मधोमध हात जोडलेले हितेशभाऊ.

"या अल्लाह! हे काय केलंत?" मामूंनी फ्लेक्सखाली उभ्या हितेशभाऊंना विचारलं.

"वर्गणी दिली की फ्लेक्स लागणारच ना! लोकं देतात कशासाठी?"

तेवढ्यात गंगाबाई तरातरा आल्या. "माझा फोटो आधी तिथनं काढून टाक! सुनेला सांगितलंवतं, हातात दमडी नाय. ती भाजीला खाली उतरली, अन् सगळ्यात वरती मीच हसतेय!"

त्या पैसे परत घेऊन गेल्या. मग एका भाडेकरूच्या घरमालकाने फ्लेक्स वाचून भाडं वाढवायची भाषा केली. तो भाडेकरूही पैसे परत घेऊन गेला. दुपारपर्यंत असे पाच जण झाले, आणि सर्व्हरच्या भाड्याला पैसे पुन्हा कमी पडले.

"उतरवा तो फ्लेक्स," मामू म्हणाले.

"असा कसा उतरवू? वर्गणीतूनच छापलाय!"

मामू मटकन पायरीवर बसले. नशराने मात्र घरून खळ आणि वह्यांना घालायचा खाकी कागद आणला. चौदा पट्ट्या चिकटवून तिने चेहरे, नावं, नंबर सगळं झाकलं. उरले फक्त हितेशभाऊ.

संध्याकाळी गेटवर गर्दी जमली. खालच्या हार्डवेअर दुकानाचे, कोन गावचे रामूशेठ सगळ्यांत पुढे होते. शुक्रवारी त्यांनी "आमी इंटरनेट वापरीतच नाय" म्हणून हितेशभाऊंना रिकाम्या हाताने वाटेला लावलं होतं.

"ती तिसरी पट्टी आपली हाय," शेठ छाती पुढे काढून सांगत होते. "आमी देतो, पन नावाची हौस नाय."

"आमची त्याच्या खालची," मागून कुणीतरी म्हणालं. बघता बघता आणखी कितीतरी जणांनी आपापल्या पट्ट्या दाखवल्या.

मामूंनी हळूच विचारलं, "नशरा, देणारे चौदाच होते ना?"

"हो मामू. पण पट्टी माझी म्हणणारे एकवीस झालेत."

नशराने कागदाच्या आणखी सात पट्ट्या कापल्या, वर्गणीसाठी बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, सगळ्यांच्या देखत पहिली पट्टी रामूशेठच्या हातात दिली आणि डबा त्यांच्यापुढे धरला.