दोनशे एमबीच्या दरवाजावरील मोहीम

शुक्रवारी दुपारी दोन वाजता फाइल दरवाजावर अडली. दरवाजा गोदामवाल्यांच्या वेबसाइटचा, त्याची मर्यादा दोनशे एमबी. आणि फाइल तेराशे एमबीची. हत्ती अंबारीसह खिडकीतून काढू पाहावा, तैसा प्रसंग. पडद्यावर तांबड्या अक्षरांत खलिता उमटला, की फाइल फार मोठी आहे, लहान करून आणावी. त्याखाली ‘ठीक आहे’ असे एकच बटण होते, आणि ठीक तर काहीच नव्हते.

सदर मोहिमेची हकीकत चौघांपैकी तिघांनी सांगितली ती ताडून लिहिली आहे. चौथ्यांनी नाकारली, तीही लिहिली आहे.

दोन खोल्यांचे दफ्तर. त्यात घरचेच चौघे मिळून संगणकावर शिकावयाचे कोर्स तयार करीत. मुख्य दादासाहेब, गिऱ्हाइकांशी बोलणे आणि घरच्यांवर हुकूम सोडणे ही दोन्ही खाती त्यांजकडे. त्यांचे कुटुंब थोरल्या बाईसाहेब, कॅमेऱ्याच्या सरदार. धाकटे बंधू, ज्यांचा धीरगंभीर आवाज प्रत्येक स्लाइडवर बोले. आणि त्यांचे कुटुंब धाकट्या बाईसाहेब, ज्या फोटो, आवाज आणि प्रश्नोत्तरे एका फाइलीत गुंफून कोर्स उभा करीत. आजवर प्रत्येक कोर्सावर दादासाहेबांची देखरेख असे. गोदामात माल उचलणारी फोर्कलिफ्ट जपून कशी चालवावी, हा कोर्स मात्र प्रथमच धाकट्या बाईसाहेबांवर एकट्यांवर सोपविला होता. गोदामवाल्यांची अट ऐसी, की पुढे आपल्या हाताने दुरुस्त्या करता याव्यात, सबब मूळ फाइलच द्यावी, आणि ती संध्याकाळी सहाच्या आत.

अडल्याचे वर्तमान कळताच दादासाहेबांनी घरच्या ग्रुपवर फर्मान काढले: “सहाच्या आत गेलं तर ठीक. नाहीतर पुढचे कोर्स बाहेरच्या माणसाला देऊ.” पुढे अंगठ्याचे चित्र होते. ते कोणत्या अर्थाने, याचा उलगडा झाला नाही. धाकट्या बाईसाहेबांनी ते वाचले, केस वर बांधले आणि खुर्ची पुढे ओढली.

प्रथम मसलत दादासाहेबांचीच, की फाइल झिप करावी, म्हणजे गादी दाबून पेटीत बसते तैसी बसेल. तैसे केले. यंत्राने बहुत वेळ घोरून बाराशे ऐंशी एमबीची गादी परत दिली. दादासाहेब म्हणाले, “अजून जोरात झिप होत नाही का?” धाकट्या बाईसाहेबांनी ती गादी तत्काळ कचरापेटीत टाकली.

मग संशय आवाजावर गेला. धाकटे बंधू फार दुखावले. म्हणाले, “माझा आवाज भारी आहे असं सगळे म्हणतात. जड आहे असं आजच ऐकतोय.”

“स्लाइडवरचा नाही हो, तळघरातला बघतेय मी,” असे त्यांच्या कुटुंबाने सांगितले आणि फाइलीच्या पोटातील मीडियाचा साठा उघडला. तेथे भयंकर देखावा. स्लाइडवरून काढून टाकलेला एकेक आवाज साठ्यात जिवंत होता. लढणारे थोडे आणि बाजारबुणगे उदंड! एकात बंधूंचा ठसका, एकात दारावरची घंटा, आणि एकात ‘वेग मर्यादित ठेवा’ म्हणताना आलेली शिंक, जी दुरुस्त करावयास घेतलेल्या पुढील तीन खेपांतही आली होती. धाकट्या बाईसाहेबांनी बुणग्यांस एकजात निरोप दिला, फाइल सेव्ह केली आणि वजन पाहिले. तेराशेच! एक एमबी ढळला नाही. तेसमयी बंधू हळूच म्हणाले, “बघ, माझा नव्हताच.” मग बाईसाहेबांस आठवले, की हे सॉफ्टवेअर हाकललेल्यांस छावणीबाहेर काढीत नाही, नव्या नावाने सेव्ह करावे तेव्हाच मागे सोडून येते. तैसे केले. अकराशे झाले. दोनशे कमी, आणि साडेतीन वाजून गेलेले.

आता उरला एकच प्रांत, आणि त्यात पाऊल घालावयास कोणी राजी नव्हते. फोटो. फोटो थोरल्या बाईसाहेबांचे, मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले, प्रत्येक एवढा, की भिंतीएवढा छापला तरी खिळा न् खिळा दिसावा. त्यांचे फर्मान जुनेच होते, की माझ्या फोटोंची क्वालिटी उतरवायची नाही. धाकटीने त्याचा मान राखून कोपरा धरून ओढून फोटो लहान केले होते, नको तो भाग कापला होता, आणि लहान दिसतो तो हलका झाला ऐसे मानले होते. सर्व अनर्थ या मानण्यात होता. परंतु जावेस सांगावे कसे? दुसऱ्या खोलीत थोरल्या बाईसाहेब लेन्स पुसत होत्या, आणि पुसणे वाजवीपेक्षा सावकाश चालले होते.

धाकट्या बाईसाहेबांनी पुरावा हाती घेऊनच बोलावे, ऐसी तजवीज केली. फोर्कलिफ्टची किल्ली दाखविणारा इवलासा फोटो निवडला. स्लाइडवर तिकिटाएवढा, वजन मात्र एकवीस एमबी. मग त्याची कात्री उलटी फिरविली, म्हणजे कापलेला भाग परत आणला.

आणि किल्लीच्या पाठीमागून अवघे गोदाम उगवले. आणि गोदामाच्या मध्यभागी, फोर्कलिफ्टच्या माल उचलावयाच्या, जमिनीलगत आणलेल्या पात्यांवर, दादासाहेब बसलेले. डोक्यास शिरस्त्राण नाही. पायी चपला. एका हाती फोन, दुसऱ्या हाती बिस्कीट. त्यांच्या मस्तकावर ठळक फलक: ‘हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. पात्यांवर बसू नये.’

धाकट्या बाईसाहेबांनी दुसरा फोटो उघडला. अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी दादासाहेब जांभई देत होते. तिसऱ्यात नुसती चप्पल होती. कात्रीने फोटो झाकला होता, कापला नव्हता; आणि ज्यास फाइल मिळेल, त्यास हे सर्व दोन टिचक्यांत दिसणार होते.

“ताई, जरा येता का?” त्यांनी हाक दिली. थोरल्या बाईसाहेब आल्या, चष्मा लावला, पाहिले, आणि टेबलाचा आधार घेऊन हसू लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईतो. “मी तेव्हाच म्हणत होते, अहो, बाजूला व्हा! तर म्हणे, मी कुठे मधे येतोय?”

हसणे ऐकून दादासाहेब खासे आले. पाहिले, वाकून पुन्हा पाहिले. मग म्हणाले, “हा मी नाही.”

“चप्पल तुमचीच आहे,” बंधू म्हणाले.

“उडवा ते सगळं. आत्ता!”

“पण क्वालिटी?” धाकट्या बाईसाहेबांनी अत्यंत नम्रपणे थोरल्या जावेकडे पाहून विचारले.

“उतरव गं,” थोरल्या बाईसाहेब डोळे पुसत म्हणाल्या, “आधी एक प्रत मला दे मात्र. मूळ फोटो मी जपून ठेवणारे.” यावर दादासाहेबांनी तकरार मांडावयास तोंड उघडले आणि घड्याळ पाहून मिटले.

मग धाकट्या बाईसाहेबांनी शर्थ केली. प्रत काढून जावेच्या हाती दिली. कापलेले भाग कायमचे काढले. एकेक फोटो स्लाइडवर दिसतो तेवढाच करून परत बसविला, आणि थोरल्या बाईसाहेब शेजारी बसून कोणता किती उतरवावा हे सांगत गेल्या, आणि दोघींत एकदाही वाद झाला नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी. नव्या नावाने सेव्ह केली. एकशे बेचाळीस एमबी!

फाइल दरवाजाशी नेली. हिरवी रेघ सरकत गेली आणि नव्याण्णव टक्क्यांवर थबकली. दादासाहेब म्हणाले, “रिफ्रेश करा.” तिघे एकदम म्हणाले, “हात लावू नका!” मग रेघ आपणहून पुढे गेली, आणि फाइल सहाच्या ठोक्याआधी आत शिरली.

येणेप्रमाणे दोनशे एमबीचा दरवाजा सर झाला. फत्ते धाकट्या बाईसाहेबांची, कुमक थोरल्या बाईसाहेबांची, जखमी कोणी नाही, बुणगे सर्व बाद; ऐसे दफ्तरी लिहिले.

साडेसहास दादासाहेबांचे फर्मान ग्रुपवर आले, की पुढील कोर्सही हिलाच द्यावा, बाहेरच्या माणसाचा विषय बंद. त्यावर धाकट्या बाईसाहेबांचा जबाब गेला: “चालेल, दादा. एकच अट. यापुढे हुकूम काढायच्या आधी मला विचारायचं, आणि फोटो काढताना तुम्ही बाहेर आपल्या गाडीत बसायचं.” त्याखाली थोरल्या बाईसाहेबांनी अंगठा उमटविला. त्याचा अर्थ सर्वांस लागला.

जबाब दादासाहेबांनी वाचल्याची निळी खूण आली आहे. ते काही टाइप करीत आहेत, ऐसे दिसते. मग दिसत नाही. मग पुन्हा दिसते.