मधली खुर्ची

इसवी सन १९५९च्या नोव्हेंबर महिन्यात, एका रविवारी दुपारी, मिनेसोटातील नॉर्डाल गावी ऑर्विल टॉर्सगार्ड याच्या दिवाणखान्यात चंद्राकडे अग्निबाण सोडण्याचा समारंभ योजला होता. अग्निबाण तबकडीवरच्या संगीतातले होते. ऑर्विलची बढती मात्र खरीखुरी होती. तो ज्या रेडिओच्या दुकानात विक्रेता होता, त्याचे मालक ब्येर्केसाहेब यांना हे नवे स्टीरिओ यंत्र पसंत पडले, तर दुकानात त्याचा स्वतंत्र विभाग निघणार होता आणि ऑर्विल त्याचा प्रमुख होणार होता.

यंत्राचे दोन कर्णे समोरच्या दोन कोपऱ्यांत होते. अग्निबाण डावीकडून उजवीकडे सुसाटत जातो, हा चमत्कार बरोबर मध्यावर बसणाऱ्यालाच कळे. म्हणून ऑर्विलने तिथे एक उत्तम खुर्ची मांडली, आणि तिथेच त्याचे गणित चुकले. नॉर्डालमध्ये बशीतली शेवटची वडी कोणी उचलत नाही, चर्चमधल्या पहिल्या बाकावर कोणी बसत नाही; चांगली जागा दिसली की माणसे तिच्या शेजारची गाठतात. साहेब डाव्या कर्ण्याला खेटून बसले, त्यांच्या पत्नी सोल्वीबाई उजव्याला. मधली खुर्ची मोकळीच राहिली.

तबकडी फिरू लागली. बोंगोचे ढोल घुमले, शब्दांवाचून गाणाऱ्या स्त्रियांचा हुंकार तरंगला, आणि अग्निबाण सुटला.

"गेला," साहेब म्हणाले.

"गेला कुठं? आत्ता तर आला," सोल्वीबाई म्हणाल्या.

"अगं, माझ्या कानाशेजारून गेला."

"तुम्हाला गेलेलंच तेवढं कळतं. घरात कोण आलं, कधी बघितलंय?"

ऑर्विल काकुळतीला आला. "साहेब, तुम्ही मधे बसा ना."

साहेबांनी ती जागा पत्नीला देऊ केली, सोल्वीबाईंनी ती ऑर्विलच्या बायकोला, इंगाला. इंगाला अचानक कॉफीची आठवण झाली. मग ऑर्विलने तोड काढली: खुर्च्या मध्यरेषेवर एकामागे एक मांडायच्या, म्हणजे सगळेच मध्यावर. युक्तिवाद निर्दोष होता. परंतु पुढे बसून मागच्याचे ऐकणे अडवायचे कोणी? जो तो नम्रपणे आपली खुर्ची दुसऱ्याच्या मागे नेऊ लागला. होता होता रांग गालिच्यावरून उतरली, दार ओलांडून स्वयंपाकघरात शिरली आणि कॉफीच्या टेबलाशी स्थिरावली. बाहेर रिकाम्या दिवाणखान्यात अग्निबाण इकडून तिकडे उडत राहिले.

ऑर्विलने विचारले, यंत्र कसे वाटले.

साहेबांनी एक घोट घेतला, दाराकडे कान दिला.

"इथनं फार छान येतंय हो. अगदी आपल्या एका कर्ण्याच्या रेडिओसारखं. तोच विकत राहू या."