नेसरी थोटूक न्हाय

सयाजीच्या रजेचा अर्ज सकाळपासून साहेबांच्या टेबलावर पडून होता. उद्यापासून तीन दिवस कोकणात जायचं होतं. याआधी दोनदा बॅग भरली होती आणि दोन्ही वेळा परत रिकामी करावी लागली होती. या वेळी त्याच्या बायकोने, संयोगिताने, चेन लावतानाच बजावलं होतं, "आता उघडंल ती समुद्रावरच."

दूध संघाच्या कोल्हापूर कचेरीत कॉम्प्युटरचं जाळं सयाजीच्या गळ्यात होतं. धैर्यशील साहेबांनी सांगून टाकलं होतं, "आधी नेसरीचं काम, मग सही." नेसरी शाखेचा राउटर म्हातारा झाला होता. साऱ्या जगाच्या वाटा पाठ ठेवता ठेवता तो दमायचा आणि नेमकं दूध मोजायच्या वेळी बसकण मारायचा. सयाजीला त्याची कीव यायची. दोघांचं दुखणं एकच होतं.

उपाय सोपा होता. नेसरीला 'स्टब एरिया' करायचं. मग लांबच्या वाटा ध्यानात ठेवायच्याच नाहीत; येईल ते कोल्हापूरकडे ढकलायचं. अट एवढीच की दोन्हीकडच्या राउटरांनी 'आपण स्टब' असं कबूल करायचं. एकानं केलं आणि दुसऱ्यानं नाही, तर दोघांचं बोलणंच बंद.

सयाजीने कोल्हापूरकडून कबूल केलं. नेसरीच्या राउटरचा पासवर्ड मात्र शाखाप्रमुख जोतीरामअण्णांकडे होता, आणि तो त्यांनी संघाच्या अध्यक्षांनाही दिलेला नव्हता. एक ओळ टाइप करायला त्यांना सांगून सयाजी चहाला गेला. कप निम्मा व्हायच्या आत फोन वाजला.

"सयाजीराव, ही ओळ मी टाकणार न्हाय."

"का वो अण्णा?"

"पोरीनं डिक्शनरीत बघितलं की. स्टब म्हंजे विडीचं थोटूक! सात घोडेस्वारांचं गाव हाय हे. आमाला थोटूक म्हणताय व्हय?"

"अवो, नुस्ता विंग्रजी शब्द हाय त्यो."

"मग कोल्हापूरलाच करा की थोटूक!"

"कोल्हापूरला करता येत न्हाय. ते मधलं हाय."

"आलं ध्यानात. मधले तुमी, थोटकं आमी!"

फोन आपटला. दोन्ही राउटर अबोला धरून बसले. चार वाजून गेले होते. संध्याकाळच्या दुधाचं माप कोल्हापूरला दिसलं नाही तर टँकर निघणार नाही, आणि टँकर निघाला नाही तर सही होणार नाही.

सयाजीने कपाळ चोळलं आणि पुन्हा फोन लावला.

"अण्णा, पाटील कधी स्वतः वाट शोधत फिरतो व्हय? त्यो नुस्ता 'चला' म्हणतो. वाट बघायला गडी असत्यात. हितनं फुडं तुमी नुस्तं 'चला' म्हणायचं. वाटा आमी हमाल बघतो."

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"आस्सं व्हय! मग आधी सांगायचं न्हाय का? टाकली बघा ओळ."

राउटर बोलायला लागले.

आता एकच राहिलं. नेसरीखालच्या आठ दूध केंद्रांचे आठ पत्ते बाकीच्या शाखांना एका ओळीत सांगायचे. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"आठाचं एक केलंत? मग आठ गेली कुठं?"

"कुठं न्हाय गेली साहेब. बाहेर एकच ओळ दिसती. आतलं आत."

"झकास की!" साहेब खरंच हरखले. वीस वर्षांत सयाजीचं काम त्यांना पहिल्यांदाच समजलं होतं.

साडेपाचला अर्ज परत आला. सही होती. तीन तारखा खोडून हिरव्या शाईत एकच लिहिली होती.

"साहेब, तीन दिवस मागितलेले."

"तीन ओळी कशाला, सयाजीराव? बाहेर एकच दाखवायची." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आतलं आत."

सयाजीने घरी फोन लावला. "रजा एकच दिवस हाय. साहेबांनी तीन दिवस एका ओळीत बसवलं."

बॅगेची चेन वाजते का, म्हणून त्याने कान दिला. वाजली नाही.

"मग तुमी ऱ्हावा हितंच," संयोगिता म्हणाली. "मी अन् बॅग जातो. समुद्रानं इचारलं तर तुमचं नाव सांगतो. एका ओळीत."