अण्णा भोईरांचं शिकाऊ यीस्ट

अण्णा भोईर यीस्टशी बोलत असत. आपण गाईगुरांशी बोलतो तसं. खालापूरजवळच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला आणि भिसेगावात शेजारी. चंबूतलं ताकासारखं गढूळ पाणी हलवत ते म्हणायचे, "खा रं बाबांनो, लाजू नका." बी.एस्सी. झाले होते, पण आपल्या गावची, शेलूची बोली त्यांनी सोडली नव्हती.

त्यांच्या अंगणात सगळी सदाफुली. देवाला फूल तोडलेलं चालायचं. पान तोडलं की अण्णा दारात हजर. त्या पानांतून रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध निघतं, पण गाडाभर पाल्यातून चिमूटभर.

"झाडाचा शिधा काय, तर एक अमिनो आम्ल आनि साखर," अण्णा समजावत. "त्यो यीस्टकडं बी हाय. फक्त सैपाक येत नाय. झाडाची विद्या त्याला दिली की झालं!"

परदेशात जंतूंकडून इन्शुलिन करून घेतात हे वाचल्यापासून त्यांना दम धरवेना. झाडातली विद्या, म्हणजे जनुकं, उचलून यीस्टमध्ये घालायची साधनं आमच्याकडे कुठली? साहेबांनी प्रयोगशाळेचा एक कोपरा दिला होता. तिथे अण्णा यीस्टला पानांच्या रसात वाढवत, अतिनील दिव्याखाली धरून त्याच्यात बदल घडवत, आणि एखादं हुशार निघेल म्हणून वाट बघत. आमच्या घरी इडलीचं पीठ फुगलेलं दिसलं, तर बायकोला म्हणत, "वहिनी, एवढी कामाची पोरं, आनि तुमी इडल्या करताय?"

एकदा तपासणीत खरंच औषधाची खूण दिसली. अण्णांनी पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच मला शंका आली.

"अण्णा, हे पानांच्या रसातलंच नसेल ना?"

त्यांनी पेढ्यांचा खोका मिटला. रस न घालता पुन्हा करून पाहिलं. काहीच नाही.

"आता सोडा अण्णा," मी म्हणालो. "औषध मुंबईत मिळतं की."

"आता मिळतं. आमच्या सुमीच्या वक्ताला बाहेरून मागवायला लागायचं. बाटली आली, तवा ती गेली व्हती."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना मुलगी होती हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुझी नीता कितवीत रं?"

"पाचवीत."

"सुमी बी पाचवीतच व्हती."

त्या संध्याकाळी मी त्यांना जेवायला घरी नेलं. नीता वाढत होती. "आजोबा, भात घ्या ना अजून," ती म्हणाली. अण्णांचं पोट केव्हाच भरलं होतं. तरी त्यांनी ताट पुढे केलं.